पदकवालीचे पांढरे मोजे

कारखान्याच्या मागच्या अंगाला, मैदानाला लागून, एक लांबट खोली होती. तिला दार एक, खिडकी एक आणि कुलपं नऊ. दाराला दोन आणि आतल्या सात कपाटांना सात. या नवांच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला खोचलेल्या असत, त्या बाईंना अख्खा कारखाना कुलूपकाकू म्हणत असे. तोंडावर नुसतं काकू, पाठ फिरली की कुलूपकाकू. काकूंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

कारखान्यात कुकरच्या रबरी रिंगा तयार होत. आणि का कोण जाणे, कारखान्याचा एक बायकांचा हॉकी संघही होता. थोरल्या मालकांना खेळाचा नाद होता म्हणे. ते गेले, नाद गेला, संघ तेवढा राहिला. रिंगा कापणाऱ्या, तपासणाऱ्या, हिशेबखात्यात बसणाऱ्या चौदाजणी संध्याकाळी पाळी संपली की स्टिक घेऊन मैदानावर येत. त्यांच्या स्टिका, चेंडू, पॅड, जर्सी सांभाळायचं आणि सामना झाला की सगळे कपडे मागच्या हौदावर धुवायचं काम काकूंचं. चोवीस वर्षं त्यांनी ते केलं, आणि चोवीस वर्षं त्याबद्दल कुरकुर केली. मोजे पांढरे असावेत असं ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात एक रुमालही धुतला नसणार, हे त्यांचं ठाम मत होतं.

काकूंना हॉकीतलं काही कळत नाही, असं सगळे म्हणत. काकूंचं म्हणणं उलट होतं. बाकीच्यांना खेळ बघावा लागतो, मला कपडे पुरतात, असं त्या म्हणत. आणि ते खोटं नव्हतं. धुण्याचा ढीग समोर आला की त्या एकेक नग उचलून निकाल लावत. "तू आज एकदाही वाकली नाहीस गं. पाठीला घाम आहे, पण गुडघ्याला माती कुठाय?" किंवा, "तुझा उजवा मोजा मळलाय, डावा कोरा. म्हणजे डावीकडे चेंडू आला की तू सोडून देतेस." पोरी एकमेकींकडे बघत. कारण ते तसंच असे.

संघ मात्र हरे. कधीमधी नव्हे, नेमाने हरे. आठ कारखान्यांची स्पर्धा दरवर्षी व्हायची आणि गेली सहा वर्षं आठवा नंबर दुसऱ्या कुणाला मिळालाच नव्हता. सातव्या कपाटात एकच कप होता, तोही शिस्तीचा. ज्या वर्षी सगळेच्या सगळे सामने हरूनही पंचांशी कुणी भांडलं नाही, त्या वर्षीचा.

मग धाकट्या मालकांचं पत्र आलं. यंदाही शेवटचा नंबर आला तर संघ बंद. मैदानावर गोदाम उभं राहील. आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: सामानाच्या खोलीतील कर्मचाऱ्याची बदली पॅकिंग विभागात करण्यात येईल.

पॅकिंग विभागाच्या मुख्य कोण, हे पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. त्या काकूंच्या थोरल्या नणंदबाई होत्या. लग्न होऊन घरात आल्यावर काकूंनी केलेला पहिला चहा पिऊन, "गरम पाणी छान झालंय," असं म्हणणाऱ्या. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती चार वर्षं नणंदेच्या हाताखाली खोकी बांधत काढायची! काकूंनी पत्राची घडी घातली, तिसऱ्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. जणू तेवढ्याने ते टळणार होतं.

त्याच आठवड्यात कल्याण अधिकारी साहेबांनी संघाला सामानाच्या खोलीत गोळा केलं. हे साहेब दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी वाचत आणि मग ते कारखान्याला भोगावं लागे. या खेपेला त्यांनी संस्कृती वाचली होती.

"संघ खेळाने जिंकत नाही," साहेब म्हणाले. "संघ संस्कृतीने जिंकतो! अजिंक्यपद जिंकलेलं एक अनुभवी माणूस आत आलं ना, की सगळं वातावरण बदलतं. दूध पातेलंभर असलं तरी विरजण चमचाभरच लागतं. मी ते विरजण आणलंय."

"नासकं निघालं तर अख्खं पातेलं जातं, साहेब," काकू कोपऱ्यातून म्हणाल्या.

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. बावीस वर्षांपूर्वी देशाचं अजिंक्यपद जिंकलेल्या संघातली एक खेळाडू त्यांनी शोधून काढली होती. तिला हिशेबखात्यात नोकरी दिली होती, आणि संघात खेळाडू आणि मार्गदर्शक अशी दुहेरी जागा. त्या विजयी संघाचा फोटो मोठा करून त्यांनी आपल्या खोलीत खुर्चीच्या मागे लावला होता, जणू आपणच गोल मारला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. धिप्पाड बाई येईल अशी सगळ्यांची समजूत होती. आली ती चाळिशी ओलांडलेली, लहानखुरी, हळू बोलणारी बाई. खांद्यावर पिशवी. साहेबांच्या आग्रहाखातर गळ्यात पदक घातलेलं, ते तिने फाटकातून आत आल्या आल्या काढून खिशात टाकलं. तिचं नाव पडलं पदकवाली.

"काकू, चेंडू मी मोजून ठेवू का?" हे तिचं पहिलं वाक्य.

"चेंडू मोजायला मी आहे, बाई," हे काकूंचं.

पण बाई मोजायचीच. सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायची, चेंडू मोजायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, तुटक्या बंदांच्या जागी घालायला खिशात सुटे बंद ठेवायची. काढलेले मोजे उलटे गोळा करून फेकायचे, ही संघाची चोवीस वर्षांची रीत. ही मात्र आपले मोजे सुलटे करून, जोडी लावून काकूंच्या हातात द्यायची. आठवड्याभरात सगळ्याच तसं करू लागल्या. धुणं निम्म्या वेळात होऊ लागलं आणि काकूंना कुरकुर करायला जागाच उरेना. हे त्यांना फार लागलं.

आणि मग नकलांची साथ आली. अजिंक्य संघात राहिलेली बाई जे काही करते ते जिंकण्याचंच गुपित असणार, असं पोरींनी धरलं. पदकवाली मैदानाच्या कडेला एक पाय बाकावर ठेवून उभी राही. झालं, राखीव खेळाडूच नव्हेत तर मधल्या सुट्टीत सगळ्याच एकेक पाय वर करून उभ्या. बगळ्यांची शाळा भरल्यासारखं दिसे. ती बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधत बसे, की चौदाजणी खाली वाकून बंद सोडत. ती सामन्याआधी केळं अर्धंच खाई आणि उरलेलं सालीत गुंडाळून ठेवी. मग सगळ्यांनी अर्धं केळं. परिणाम असा, की दर सामन्यानंतर काकूंच्या खोलीत चौदा अर्धी केळी आणि हजारो मुंग्या.

"हीच का तुमची संस्कृती?" काकूंनी केरसुणी घेऊन साहेबांना गाठलं. "मुंग्यांची?"

"काकू, विजयी माणसाच्या सवयी असतात त्या," साहेब म्हणाले. "आपल्याला कळायच्या नाहीत."

पहिले तीन सामने संघ हरला, पण थोडक्यात हरला, आणि थोडक्यात हरणं ही तिथे नवलाची गोष्ट होती. चौथ्यात बरोबरी झाली. पाचवा सामना चक्क जिंकला. त्या दिवशी गोलकीपर पोर काकूंच्या गळ्यात पडून रडली. तिला सगळे चाळणी म्हणत. पण पदकवालीने तिच्या कानात सांगितलं होतं, की समोरची सात नंबरची पोर चेंडू मारायच्या आधी खांदा खाली घेते, तो कुठला ते बघ आणि त्याच बाजूला जा. चाळणी गेली आणि चेंडू तिच्या पॅडवर येऊन आदळला. असलं काहीबाही पदकवाली सगळ्यांनाच सांगे. समोरच्या संघातली कुठली बाई दमली की कमरेवर हात ठेवते, कुठली रागावली की चुकते.

स्वतः मात्र मैदानात उतरत नसे. पूर्ण पोशाख करून कडेला उभी राही आणि म्हणे, "आधी तुम्ही. लागलं तर मी आहेच." पोरींना वाटे, हुकमाचं पान शेवटी टाकायचं असतं.

काकूंना तसं वाटेना. पाच सामन्यांत पदकवालीची जर्सी पाच वेळा धुवायला आली आणि पाचही वेळा तिच्यावर धुण्यासारखं काही नव्हतं. आता काकूंच्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं. त्या जळत होत्या. चोवीस वर्षांत आपण सांगितलेलं कुणी ऐकलं नाही, आणि ही कालची बाई एक पाय वर करते तर सगळ्या पाय वर करतात. खोलीचं एक कपाटसुद्धा साहेबांनी पदकवालीला दिलं होतं. नऊ किल्ल्यांच्या आठ झाल्या होत्या.

सहावा सामना हरल्यावर हिशेब सरळ झाला. शेवटचा सामना आठव्या नंबरवरच्या संघाशी. जिंकलो किंवा बरोबरी झाली तर आपण सातवे, ते आठवे. हरलो तर गोदाम, आणि काकूंना नणंद.

त्या सामन्याच्या आदल्या दिवशी काकू साबणाच्या मागणीवर सही घ्यायला साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब जागेवर नव्हते. काकू भिंतीवरच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि सवयीने धुण्याचा ढीग बघावा तसा बघू लागल्या. फोटो अंतिम सामन्यानंतरचा होता. मैदान ओलं असणार. त्याही संघाचे मोजे पांढरेच, म्हणजे मूर्खपणा सगळीकडे सारखाच. गोलकीपर चिखलाने लडबडलेली. शेजारचीचं कोपर सोललेलं. एकीचे मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, काळेकुट्ट. आणि अगदी कडेला, पदक घालून हसणारी एक लहानखुरी पोर. तिचे मोजे पांढरेशुभ्र. जर्सीच्या बाहीवरची इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

काकूंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग सही न घेताच त्या परत फिरल्या.

पदकवाली खोलीत चेंडू मोजत होती. काकूंनी आतून कडी लावली.

"किती खेळलात तुम्ही त्या स्पर्धेत?"

पदकवालीने हातातला चेंडू खाली ठेवला. कुणीतरी कधीतरी विचारणार हे तिला माहीत असावं. "सहा सामने होते," ती म्हणाली. "मी एक मिनिटही खेळले नाही. अंतिम सामन्यात शेवटी प्रशिक्षक बाईंनी मला 'जा' म्हटलं होतं. मी रेषेवर उभी होते. एक पाय उचलला आणि शिट्टी झाली. आपण जिंकलो होतो. सगळ्या नाचल्या. मीही नाचले."

"आणि इथे सांगितलं नाही."

"मला कुणी विचारलंच नाही, काकू. साहेबांनी पदक बघितलं आणि ते सुटलेच. खोटं मी बोलले नाही. खरंही बोलले नाही." तिने चेंडू पुन्हा उचलून पेटीत टाकला. "उद्या सामन्याआधी पोरींना सांगून टाकते. त्या मला काय समजतात, आणि मी काय आहे!"

काकूंनी मनात कितीदा तरी या घटकेची वाट पाहिली होती. आता ती आली तर त्यांना काही केल्या मजा वाटेना. बाईचा चेहरा बघवत नव्हता. शिवाय नणंदेचाही चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

"उद्या नाही," काकू म्हणाल्या. "सामना झाल्यावर सांगा. तोवर ही गोष्ट माझ्याकडे कुलपात."

घरी गेल्यावर मात्र कुलूप टिकलं नाही. जेवताना त्यांनी यजमानांना सगळं सांगून टाकलं. यजमान बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि बोलायचे कमी.

"म्हणजे अनुभव नाहीच की हो तिला!" काकू म्हणाल्या. "साहेबांचं ते विरजण म्हणजे नुसतं पाणी!"

"मग दही कसं लागलं?" यजमान म्हणाले.

काकूंनी आमटी वाढायला घेतलेली पळी पातेल्यात परत ठेवली.

"मी स्टिअरिंगला हात लावायच्या आधी दोन वर्षं शेजारी क्लीनर म्हणून बसलो होतो," ते ताट बाजूला सारत म्हणाले. "चालवणाऱ्याला गाडी दिसते. शेजारी बसणाऱ्याला रस्ता दिसतो. झोप आता."

शेवटच्या सामन्याला सगळा कारखाना लोटला होता. नणंदबाईही आल्या होत्या. काकूंना बघून त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवलीय हं पॅकिंगमध्ये." काकूंनी किल्ल्यांचा जुडगा एकदा जोरात वाजवला.

अर्ध्या वेळेला एक-एक. पोरी जीव तोडून पळत होत्या. काकू लांबूनच गुडघे मोजत होत्या आणि एकही कोरा दिसत नव्हता. शेवटची दहा मिनिटं उरली आणि मधल्या फळीतल्या पोरीचा पाय मुरगळला. तिन्ही राखीव आधीच लंगडत बाहेर आलेल्यांच्या जागी आत गेल्या होत्या. आता बाकावर धडधाकट अशी एकच.

सगळ्या मैदानाने तिच्याकडे बघितलं. साहेब उठून टाळ्या पिटू लागले. "आता बघा! आता बघा अनुभव!"

पदकवाली रेषेपर्यंत गेली आणि थांबली. एक पाय उचललेला, तो टेकेचना. हे काय चाललंय ते फक्त एकाच माणसाला कळलं. पंच ओरडायच्या आत काकू तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, शिट्टी झालेली नाही अजून," त्या म्हणाल्या. काकूंनी तिला पहिल्यांदाच अगं म्हटलं. "जा. मोजे मळवून ये."

पदकवाली आत गेली. ती चांगली खेळली असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप होईल. पहिलाच चेंडू तिच्या नडगीवर बसला. दुसरा तिने मोठ्या जोमाने मारला, तो चेंडू जागेवरच राहिला आणि गवत उडालं. एकदा ती स्वतःच्याच खेळाडूवर आदळली आणि दोघी चिखलात गेल्या. साहेबांच्या टाळ्या हळूहळू विरल्या. पण गंमत अशी, की पोरींना त्यातलं काहीच वावगं दिसेना. बाई पडली, म्हणजे समोरच्यांना फसवायला पडली असणार, असं समजून त्या दुप्पट जोराने धावत.

शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मारायला उभी होती ती पोर चाळणीने कधी बघितलेली नव्हती. पण तिने चेंडूकडे बघितलंच नाही. तिने खांदा बघितला. डावा खाली आला, चाळणी डावीकडे पडली, चेंडू पॅडवरून उडून पुढे आला आणि तिथे चुकून उभ्या असलेल्या पदकवालीच्या पोटात बसला. ती चेंडूवर कोलमडली ती उठलीच नाही, आणि पंचांनी काय द्यावं याचा विचार करेपर्यंत वेळ संपला.

एक-एक. सातवा नंबर! आठांत सातवा आल्याबद्दल एवढा नाच कुणी केला नसेल. साहेबांनी धाकट्या मालकांचा हात हातात घेऊन तो सोडलाच नाही. "मी म्हणालो होतो ना, अजिंक्यपदाचा अनुभव!" नणंदबाई खिडकीजवळची जागा घेऊन घरी गेल्या.

सामानाच्या खोलीत सगळ्या कोंबल्या गेल्यावर पदकवालीने पोटावर हात धरून सांगून टाकलं. सहा सामने, शून्य मिनिटं. सगळं. बोलून झाल्यावर ती खाली बघत राहिली. काकूंना वाटलं, आता काहीतरी फुटणार.

चाळणीच आधी बोलली. "मग तो एक पाय वर?"

"बाकावर जागा नसायची," पदकवाली म्हणाली. "बाक तिघींचा, आम्ही राखीव पाचजणी. निदान एक पाय तरी टेकवायचे."

"आणि बंद? सारखे बांधायचे ते?"

"बंद बांधताना दिसलं की बाईंना वाटतं, ही तयार आहे. कदाचित बोलावतील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. चार महिने बगळ्यासारख्या उभ्या राहिलेल्या चौदाजणी एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागल्या. मुरगळलेल्या पायाची पोर हसता हसता "आई गं" म्हणत होती. पदकवालीलाही हसू आलं.

"आणि ते अर्धं केळं?" चाळणीने डोळे पुसत विचारलं.

"पोट भरलेलं असलं की पळता येत नाही," पदकवाली म्हणाली. "कधीही आत बोलावतील, म्हणून अर्धंच खायचं. उरलेलं सामना संपल्यावर." तिने चिखलाचा मोजा वर ओढला. "मला नेहमीच उरलेलं मिळालं."

हसणं थांबलं. चाळणीने नाक ओढलं. काकूंना स्वतःचाच राग आला. आपण या बाईचा हेवा केला! त्या उठल्या, पाचव्या कपाटाचं कुलूप काढलं आणि आतून केळ्यांचा घड बाहेर ठेवला. त्यातलं सगळ्यात मोठं केळं तोडून त्यांनी पदकवालीच्या हातात दिलं.

"अख्खं खा," त्या म्हणाल्या. "आणि अर्धं टाकलंस तर याद राख, मुंग्या मला झाडाव्या लागतात."

पदकवाली भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी गाळत, अख्खं केळं खात बसली. खाऊन झाल्यावर तिने मोजे काढले. सुलटे केले, जोडी लावली आणि काकूंच्या हातात दिले. ते टाचेपासून गुडघ्यापर्यंत काळे झाले होते.

काकूंनी ते हौदावर तीन पाण्यांतून काढले तरी डाग गेले नाहीत. एरवी त्यांनी मोजे पांढरे ठरवणाऱ्याचा उद्धार केला असता. त्या दिवशी त्यांनी हूं की चूं केलं नाही. मोजे तसेच दोरीवर वाळत घातले.